खलनायिकेचे बदललेले पूर्ववृत्त

नाटकातील किंवा कादंबरीतील एखादे पात्र दुष्कृत्य करते तेव्हा प्रेक्षक वा वाचक दोन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहत असतो. पात्राने काय केले, ही त्यांतली एक. आणि ते करणारे पात्र मुळात कोण होते, ही दुसरी. पहिली गोष्ट डोळ्यांसमोर घडते. दुसरी बहुधा कथेच्या आरंभापूर्वीच घडून गेलेली असते आणि तिची माहिती संवादांतून, आठवणींतून, तुकड्यातुकड्यांनी मिळत जाते. हेच पात्राचे पूर्ववृत्त होय. लेखकाने पुढे कधी हे पूर्ववृत्त बदलले, तर एक चमत्कारिक परिस्थिती उत्पन्न होते. घडलेली कृती होती तशीच राहते. तिचा कर्ता मात्र बदलून जातो.

छापलेल्या कादंबरीत असा प्रसंग क्वचित येतो. व्हिडिओ गेम या नावाने सर्वत्र परिचित असलेल्या खेळांत तो वारंवार येतो. लोकप्रिय खेळाचे नवेनवे भाग वीस-वीस वर्षे निघत राहतात. दरम्यान लेखक बदलतात, किंवा लेखक तेच राहून त्यांचे विचार बदलतात. शिवाय ज्या खलपात्राने खेळाडूंच्या मनात घर केले त्याला कायमचा निरोप देणे प्रकाशक संस्थेला परवडत नाही. मग खलपात्रालाच नायकाच्या आसनावर बसवायचे ठरते आणि त्यासाठी त्याच्या भूतकाळाची डागडुजी करावी लागते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील अर्व्हाइन येथील ब्लिझर्ड एन्टरटेनमेंट या संस्थेच्या ‘स्टारक्राफ्ट’ या खेळातील सारा केरिगन ही खलनायिका या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगी आहे.

पहिली केरिगन

‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ १९९८ च्या मार्चअखेरीस प्रसिद्ध झाला. हा व्यूहरचनेचा खेळ आहे. बुद्धिबळाप्रमाणे येथेही खेळाडू रणभूमीकडे वरून पाहत असतो. परंतु येथे आळीपाळीने चाली होत नाहीत, दोन्ही पक्ष एकाच वेळी हालचाली करीत असतात. खनिजे व वायू गोळा करायचे, तळ उभारायचा, सैन्य सिद्ध करायचे आणि प्रतिपक्षाचा पाडाव करायचा, असे त्याचे स्वरूप. कथा येते ती मुख्यतः दोन मोहिमांच्या मधल्या संभाषणांतून. तिचा काळ पंचविसाव्या शतकाच्या अखेरचा आणि स्थळ पृथ्वीपासून फार दूर असलेला एक तारकाप्रदेश. तेथे तीन जातींमध्ये युद्ध चालू आहे. पृथ्वीवरून हद्दपार झालेल्या माणसांचे वंशज ते टेरन. मनोबलाने थोर असलेली प्राचीन जात ती प्रोटॉस. आणि तिसरी जात झर्ग. ही टोळधाडीसारखी ग्रहामागून ग्रह गिळत जाते आणि तिच्यातील कोट्यवधी जीव एकाच महामनाच्या आज्ञेत वागतात. या महामनाला खेळात ‘ओव्हरमाइंड’ असे नाव आहे.

केरिगन प्रारंभी टेरन पक्षात असते. तिला दुसऱ्याचे विचार वाचण्याची जन्मजात शक्ती आहे. अशा मुलांना लहानपणीच घरापासून तोडून त्यांचे हेर व मारेकरी बनवायचे, आणि त्यांची शक्ती काबूत राहावी म्हणून त्यांच्या मज्जासंस्थेवर कृत्रिम बंधने घालायची, अशी तेथील राजसत्तेची रीत. आर्क्ट्युरस मेंग्स्क नावाचा बंडखोर नेता तिला या दास्यातून सोडवतो आणि ती त्याची उजवा हात बनते. जिम रेनॉर या सरळमनाच्या सहकाऱ्याची व तिची पहिली भेट गमतीची आहे: त्याच्या मनात आलेला विचार ती तत्क्षणी वाचते आणि त्याला तोंडावर शिवी हासडते. पुढे मेंग्स्क शत्रूची राजधानी असलेल्या टार्सोनिस ग्रहावर झर्गांची धाड मुद्दाम ओढवून आणतो. केरिगनला हे कृत्य रुचत नाही. तरीही ती आज्ञा पाळते, आणि तिचे काम होताच मेंग्स्क आपले आरमार मागे घेऊन तिला झर्गांच्या तोंडी सोडून देतो. झर्ग तिला ठार मारीत नाहीत. महामन तिला एका कोशात घालते आणि त्या कोशातून अर्धी मानवी, अर्धी झर्ग अशी एक स्त्री बाहेर पडते. तिला वाचवायला आलेल्या रेनॉरला ती सांगते की आपण आता झर्ग आहोत आणि त्यात आपल्याला सुखच आहे. मात्र ती त्याला जिवंत जाऊ देते.

हे सारे १९९८ च्या तंत्राने सांगितलेले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पडद्याच्या एका कोपऱ्यात चौकटीएवढा चेहरा, चार-दोन वाक्ये, की मोहीम सुरू. पात्रांचे पूर्वायुष्य खेळाच्या पेटीतून मिळणाऱ्या छापील पुस्तिकेत दिलेले असे, आणि ती पुस्तिका न उघडताच खेळणारेही थोडेथोडके नव्हते. केरिगनचे चित्र खेळाडूंच्या मनात रेखले गेले ते तिच्या पूर्ववृत्तावरून फारसे नव्हे. तिने पुढे जे केले त्यावरून.

तिने पुढे जे केले ते त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या ‘ब्रूड वॉर’ या पुरवणी भागात येते. महामनाचा वध झालेला आहे आणि केरिगन आता कोणाच्याही आज्ञेत नाही. मी मोकळी आहे, हे तिचे प्रतिपादन संपूर्ण भागाचा पाया आहे. पृथ्वीवरून चालून आलेल्या सैन्याविरुद्ध ती मेंग्स्क, रेनॉर आणि प्रोटॉस योद्धा फेनिक्स यांच्याशी सख्य जोडते. शत्रू मागे हटताच, मित्रांचे तळ विसावले असताना, ती त्यांच्यावर उलटते आणि फेनिक्सला ठार करते. हा फेनिक्स एकदा रणात पडलेला, यंत्राच्या देहात घालून पुन्हा उभा केलेला, आणि खेळाडूंचा अत्यंत लाडका. रेनॉर तेथेच प्रतिज्ञा करतो की एक दिवस आपल्याच हातून हिचा अंत होईल. पुढे ती प्रोटॉसांच्या एका वृद्ध अधिपतीचे मन काबीज करून ठेवते. आपल्या स्वामिनीला सोडवण्याचा दुसरा मार्ग न उरल्यामुळे झेराटुल या निष्ठावंत योद्ध्याला तिचा स्वहस्ते वध करावा लागतो. शेवटी तीन आरमारे एकवटून केरिगनवर चालून येतात आणि तिन्ही पराभूत होतात. खेळ खलनायिकेच्या विजयाने संपतो.

या भागाच्या शेवटच्या मोहिमांत खेळाडू स्वतः केरिगनचा सेनापती असतो. फेनिक्सच्या तळावर रात्री चालून जाणारे सैन्य खेळाडूच हलवत असतो. कादंबरीचा वाचक विश्वासघाताचे वर्णन वाचतो. येथे तो विश्वासघात खेळाडूकडून करवून घेतला जातो. या गोष्टीचे महत्त्व पुढे कळेल.

भर आणि फेरफार

पूर्ववृत्तात नंतर केलेला प्रत्येक बदल घातकच असतो असे नाही. २००० साली या खेळावर आधारलेली मिकी नीलसन यांची ‘अपरायझिंग’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत असे दाखवले आहे की मेंग्स्कच्या वडिलांचा खून करणाऱ्या तीन मारेकऱ्यांत केरिगन होती. ती तेव्हा राजसत्तेच्या पूर्ण कह्यात होती. आणि मेंग्स्कला हे पुढे कळले होते. या एका माहितीने मूळ खेळातील प्रसंगाचा रंग किती गहिरा होतो! मेंग्स्कने तिला टाकून दिले ते केवळ राजकीय सोयीसाठी, असे आधी वाटत होते. आता त्या निर्णयाला सुडाची किनार येते. तिला दास्यातून सोडवणारा माणूस आणि तिला मृत्यूच्या दारी लोटणारा माणूस एकच का, याचे उत्तर मिळते. तथापि, केरिगनच्या पुढील कृतींचा कर्ता त्यामुळे बदलत नाही. फेनिक्सला कोणी मारले या प्रश्नाचे उत्तर २००० सालीही केरिगन हेच राहते. अशा बदलाला भर म्हणावे. त्याने जुन्या घटनांना एक नवे कारण मिळते, पण जुने कारण रद्द होत नाही.

यानंतर सुमारे दहा वर्षे गेली. ‘स्टारक्राफ्ट’चा दुसरा खेळ तीन भागांत निघाला: २०१० मध्ये ‘विंग्ज ऑफ लिबर्टी’, २०१३ मध्ये ‘हार्ट ऑफ द स्वॉर्म’ आणि २०१५ मध्ये ‘लेगसी ऑफ द व्हॉइड’. यांपैकी पहिल्या भागात झेराटुलच्या आठवणींतून एक नवी हकिकत उघड होते. महामन स्वतःच गुलाम होते. कोण्या एका प्राचीन शक्तीने त्याच्यात प्रोटॉसांच्या संहाराची आज्ञा कोरून ठेवली होती. आपल्याला नाही तरी आपल्या संतानाला मुक्ती मिळावी, म्हणून त्याने केरिगनला घडवले. शिवाय एका भविष्यदर्शनात असे दिसते की केरिगन मेली तर सर्वच जातींचा नाश अटळ आहे. या भागाच्या शेवटी एका प्राचीन यंत्राच्या साहाय्याने रेनॉर तिला पुन्हा जवळजवळ मानवी रूपात आणतो. दुसऱ्या भागात ती नायिका होते, आणि त्या प्राचीन शक्तीला अमोन हे नाव मिळते. महामनाने घडवलेल्या पहिल्या रूपात या अमोनच्या दुष्ट प्रभावाचा अंश होता, असेही या भागातून सूचित केले जाते.

येथे भर संपून फेरफार सुरू होतो. ‘ब्रूड वॉर’चा पाया केरिगनच्या स्वातंत्र्याचा होता, तो काढून घेतला जातो. फेनिक्सला कोणी मारले? काही अंशी केरिगनने, काही अंशी अमोनने. कोणाचा अंश किती, याचा हिशेब खेळ कोठेही मांडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. गुन्ह्याचा भार हलका करताना लेखकांनी पात्राचेही वजन घटवले. जी केरिगन तिन्ही सत्तांना हातोहात फसवते, प्रत्येकाची दुखरी जागा ओळखते आणि विजयाच्या क्षणी एकाकी उभी राहते, तिची धूर्तता, तिचा मत्सर, तिचा एकाकीपणा हे सारे तिचे होते म्हणूनच ते भयंकर होते. ती बुद्धी कोणा अदृश्य शक्तीने हलवलेल्या कळसूत्राची होती असे ठरले, तर भयही जाते आणि करुणाही जाते.

दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. केरिगनचे पहिले रूपांतर तिच्या संमतीवाचून झाले होते. बालपणी राजसत्तेने तिच्या मनावर बंधने घातली, तरुणपणी मेंग्स्कने तिला वापरले, त्यानंतर महामनाने तिचा देह बदलला. अशा स्त्रीने मी मोकळी आहे असे म्हटले तर त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न १९९८ च्या खेळातही गर्भित होताच. नव्या लेखकांनी तो प्रश्न निर्माण केला नाही. त्यांनी त्याचे उत्तर देऊन टाकले, एवढाच त्यांचा अपराध. जोवर प्रश्न होता तोवर खेळाडू दोन्ही बाजूंनी विचार करीत होता.

तसेच २०१३ च्या भागात काही प्रसंग खरोखर मोलाचे आहेत. रेनॉरला मृत्युदंड दिल्याची वार्ता ऐकून केरिगन झर्गांकडे परतते, झेरस या त्यांच्या मूळ ग्रहावर जाते आणि स्वेच्छेने पुन्हा रूपांतर स्वीकारते. पहिल्यांदा जे तिच्यावर लादले गेले ते दुसऱ्यांदा ती स्वतः निवडते. पूर्ववृत्त न पुसताही व्यक्तिरेखा कशी पुढे नेता येते, याचा हा उत्तम नमुना आहे. दुसरा प्रसंग वॉरफील्ड या पराभूत सेनानीचा. आपल्या जखमी सैनिकांना जाऊ द्यावे, अशी तो तिला विनंती करतो. ती त्याला ठार करते. पण जखमींची याने जाऊ देते. या एका कृतीत जुनी व नवी केरिगन एकत्र दिसते, आणि तेथे अमोनची गरज कोणालाच भासत नाही.

दुर्वासाचा शाप

दुष्कृत्याचे ओझे पात्राच्या खांद्यावरून उतरवून दैवी कारणावर टाकण्याची ही युक्ती भारतीय वाचकाला नवी नाही. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला शकुंतलेची पूर्ण ओळख असते. भर सभेत तो ती जाणूनबुजून नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर तिचा स्वीकार करतो. कालिदासाला असा राजा नायक म्हणून चालण्यासारखा नव्हता. त्याने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी यांची योजना केली, त्यामुळे दुष्यंताने शकुंतलेला नाकारले ते केवळ विस्मृतीमुळे, असे झाले. हाही पूर्ववृत्तातील फेरफारच होय. मग कालिदासाचा दुष्यंत पोकळ का वाटत नाही?

याची कारणे नाटकाच्या रचनेत सापडतात. शाप चौथ्या अंकात उच्चारला जातो, तर नाकारण्याचा प्रसंग पाचव्या अंकात येतो. प्रेक्षकाला कारण आधी ठाऊक असते, त्यामुळे त्याची फसगत होत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अंगठी सापडल्यावर सहाव्या अंकात दुष्यंत पश्चात्तापाने होरपळतो, तेव्हा त्याला शापाचा पत्ताच नसतो. आपण आपल्याच मनाने हे केले, अशी त्याची समजूत असते. निर्दोषत्वाचा दाखला त्याला मिळतो तो सातव्या अंकात, मारीच ऋषींच्या मुखातून, म्हणजे दुःखाची पूर्ण किंमत मोजून झाल्यानंतर. सबब प्रेक्षकाजवळ असते, पात्राजवळ नसते. त्यामुळे राजा निर्दोषही राहतो आणि त्याचा पश्चात्तापही खरा राहतो.

केरिगनच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. कृती १९९८ मध्ये घडली, तिचे कारण बारा ते पंधरा वर्षांनी आणून ठेवले गेले. आणि केरिगनला पश्चात्तापासाठी पुरेसा अवकाश मिळण्यापूर्वीच कथा तिच्या वतीने सबब पुढे करू लागली. रेनॉरच्या प्रतिज्ञेचीही अशीच वाट लागली. तुरुंगयानातून सुटका होताना तो तिचे नवे रूप पाहून हादरतो, तिच्यावर पिस्तूल रोखतो, मृतांची आठवण काढतो, पण तिला मारू शकत नाही. प्रसंग चांगला आहे, मात्र त्याच्या भोवतीची सारी कथा त्याने क्षमा करावी याच बाजूने आधीपासून झुकलेली असल्यामुळे तो थिटा पडतो.

आणि खेळाडूचे काय? रात्रीच्या वेळी फेनिक्सच्या तळावर सैन्य नेणारा हात त्याचा होता. १९९८ साली केरिगनच्या आज्ञेने आपण एक दुष्कृत्य केले, ही जाणीव त्या खेळाच्या अनुभवाचा भाग होती. तो तिच्या चतुराईने मोहितही झालेला होता आणि त्या मोहाची त्याला थोडी लाजही वाटत होती. अमोन आल्याने ती लाज निराधार ठरते. पूर्ववृत्तातील फेरफार खलनायिकेपुरता मर्यादित राहत नाही. तो प्रेक्षकाच्या स्वतःच्या आठवणीपर्यंत जाऊन पोहोचतो. अनेक जुन्या खेळाडूंना हा बदल रुचला नाही, त्याचे एक कारण हे असावे.

याच संस्थेच्या ‘वॉरक्राफ्ट’ या कल्पनाविश्वात पुढे हीच युक्ती पुन्हा वापरली गेली, हे नमूद केले पाहिजे. सिल्व्हॅनस विंडरनर ही २००२ च्या खेळात आपल्या भूमीचे रक्षण करताना मारली जाते आणि मारणारा तिला सुखाने मरूही न देता प्रेतात्म्याच्या रूपात राबवतो. कालांतराने ती स्वतंत्र होते, राणी होते, अधिकाधिक क्रूर होत जाते, आणि २०१८ च्या भागात एका प्रचंड वृक्षावर वसलेले, निरपराध लोकांनी भरलेले नगर जाळून टाकते. २०२१ मध्ये उलगडा केला गेला की मृत्यूच्या वेळी तिच्या आत्म्याचे दोन तुकडे झाले होते आणि सद्वृत्तीचा तुकडा इतकी वर्षे तिच्याजवळ नव्हताच. फेरफार तोच, परंतु २०२२ मध्ये त्याचा शेवट अधिक विचाराने केलेला दिसतो. तुकडा परत मिळाल्यावर सिल्व्हॅनसची सुटका होत नाही. तिचा न्याय करण्याचे काम, जिचे लोक त्या आगीत जळाले त्या टिरांडे या महापुजारिणीकडे दिले जाते. आणि महापुजारीण निकाल देते की तिच्यामुळे पाताळात पडलेला प्रत्येक आत्मा बाहेर काढीपर्यंत सिल्व्हॅनसने तेथेच राहावे. आत्मा दुभंगलेला होता ही गोष्ट महापुजारिणीला मान्य असो वा नसो, मेलेल्यांची संख्या त्याने कमी होत नाही, एवढे तरी या निकालातून ऐकू येते.

केरिगनच्या कथेत असा निकाल देणारे कोणी नाही. २०१५ च्या भागात ती अमोनचा नाश करून जवळजवळ देवत्वाला पोहोचते आणि शेवटच्या दृश्यात मानवी रूपात रेनॉरसमोर येऊन उभी राहते. फेनिक्सही त्या भागात परत येतो, पण निराळ्या रीतीने. प्रोटॉसांनी पूर्वी त्याचे मन व स्मृती एका यंत्रात उतरवून ठेवलेल्या असतात. ते यंत्र जागे होते तेव्हा स्वतःला फेनिक्सच समजते, त्याच्याच आवाजात बोलते, त्याच्याच मित्रांना हाका मारते. खरा फेनिक्स केव्हाच मरण पावला आहे, हे त्याला हळूहळू कळते. आठवणी सगळ्या त्याच्या, परंतु त्या आठवणींतले एकही कर्म आपण केलेले नाही, हे ओळखून ते यंत्र फेनिक्सचे नाव परत करते आणि टालांडार असे दुसरे नाव घेते.